फँटमवाले दाजी

आमच्या नात्यागोत्यात कुणाचाही एक्स-रे निघाला की तो डॉक्टरांच्या आधी दाजींच्या व्हॉट्सॲपवर जाऊन पडतो. पाठवणाऱ्याला वाटतं, माणूस एवढी वर्षं दवाखान्यात होता, हाड मोडलंय की नुसतं मुरगळलंय एवढं तरी सांगेल. दाजींचं उत्तर ठरलेलं. "खिडकीला धरून काढलाय. मागचं शेवग्याचं झाड बरगडीत आलंय." मग पाचेक मिनिटांनी दुसरा निरोप येतो, "दुखण्याचं डॉक्टरांना विचारा. मी रोग बघत नाही, मी फोटो बघतो." पाठवणारा चिडतो, आणि पुढच्या खेपेला परत त्यांनाच पाठवतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मेडिकल फिजिसिस्ट. हा काय प्रकार आहे ते लग्न ठरवताना आमच्या वडिलांना कळेना. "डॉक्टर आहेत का?" "नाहीत." "कंपाउंडर?" "तसंही नाही." "मग दवाखान्यात करतात काय?" शेवटी मध्यस्थ म्हणाला, "मशीनचे डॉक्टर समजा." तेवढ्यावर सुपारी फुटली. एमएस्सी झाल्यावर दाजींनी अणुशक्तीनगरला भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा केला. ते एक वर्ष त्यांच्या बोलण्यात अजून चालूच आहे. "अणुशक्तीनगरला असताना" अशी सुरुवात झाली की ताई उठून कुकर लावते. तिला ठाऊक असतं, तीन शिट्ट्यांपर्यंत गोष्ट संपत नाही.

नोकरी मिरजेत झाली. मिरज हे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे दाजींना कामाची वाण कधी पडली नाही, आणि निवृत्तीनंतरही पडू दिली नाही. एक्स-रे मशीनची गुणवत्ता चाचणी दर दोन वर्षांनी करून घ्यावी लागते, तसा अणुऊर्जा नियामक मंडळाचा दंडक आहे. ते काम करणाऱ्या एका एजन्सीसाठी दाजी आता तालुक्या-तालुक्याला फिरतात. बरोबर दोन बॅगा, पाणसळ, ॲल्युमिनियमचे पत्रे, पितळेची एक आखीव पट्टी आणि शक्य झाल्यास मी. बँकेतून मी निवृत्त झालो तेव्हा पहिलं अभिनंदन दाजींनी केलं. त्यामागचा हेतू मला पुढच्याच आठवड्यात कळला.

हेतू चौदा किलोंच्या वर भरतो. सीटी स्कॅनचा डोस मोजायला ॲक्रिलिकचे दोन जाडजूड ठोकळे लागतात, गोल. सोळा सेंटिमीटर व्यासाचा तो डोकं, बत्तीस सेंटिमीटरचा तो पोट. त्यांना आरपार भोकं असतात, त्यांत मोजमापाची कांडी सरकवायची. माणसाच्या जागी झोपवायच्या असल्या वस्तूला त्यांच्या धंद्यात फँटम म्हणतात. एकदा तासगावच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, "ह्या बॅगेत काय?" दाजी सत्यवचनी. म्हणाले, "पोट आहे." "आणि त्यात?" "डोकं." कंडक्टरनं एक घंटी मारली. गाडी थांबली. मग दाजींनी भर रस्त्यात बॅग उघडून सगळ्या गाडीला समजावून सांगितलं, की देवानं माणूस केला तो मुख्यत्वे पाण्याचा, आणि एक्स-रेच्या लेखी ॲक्रिलिक पाण्याच्या बरंच जवळ जातं. सगळं ऐकून घेऊन कंडक्टरनं पोटाचं लगेज तिकीट फाडलंच.

दवाखान्यात पोचल्यावर मालक डॉक्टर चहा सांगतात आणि म्हणतात, "सर, फोटो चांगला येतोय. सही करून टाका." इथं दाजींचं पहिलं ठेवणीतलं वाक्य येतं. "चांगला म्हणजे किती?" डॉक्टर हसतात. दाजी हसत नाहीत. मशीनवर सत्तर किलोव्होल्ट लिहिलेत, ते खरोखर सत्तर निघतात का? अर्धा सेकंद म्हणजे अर्धाच का? दिव्याचा चौकोन टेबलावर जिथं पडतो, किरणंही तिथंच पडतात, की चार बोटं सरकून शेजारच्या मांडीवर? त्यासाठी ती पितळी पट्टी आणि वर एक नळकांडं. नळकांड्याच्या तळाला एक पोलादी गोळी, माथ्यावर दुसरी. किरणं सरळ पडत असतील तर फोटोत दोन्ही गोळ्या एकमेकींवर येतात. दाजी आधी पाणसळ लावून टेबल बघतात, बुडबुडा मधोमध आणतात, श्वास रोखतात, बटण दाबायला लावतात. गोळ्या एकावर एक आल्या की त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मी त्यांच्या मुलाच्या दहावीच्या निकालालाही पाहिलेलं नाही.

मिरजेत तानपुऱ्याची जवारी लावणारे कारागीर आहेत. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा कानस. बाजूला बसलेल्याला सगळे सूर सारखेच वाटतात आणि कारागीर मान हलवत राहतो. दाजींच्या शेजारी बसलं की मला तसंच वाटतं. फरक एवढाच, की तानपुऱ्याचा मालक कौतुकानं बघत असतो आणि दवाखान्याचा मालक घड्याळाकडे.

सीटीचं काम त्यांना मनापासून आवडतं, कारण तिथं पाणी तपासायचं असतं. पाणी पाणी आहे का, हे विचारायला लाखो-कोटींचं यंत्र लागतं, यातली गंमत त्यांना अजून जाणवलेली नाही. हाउन्सफील्ड नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं घालून दिलेलं मोजमाप असं: पाणी शून्य, हवा उणे हजार. चरबी उणे शंभराच्या आसपास, टणक हाड हजाराकडे. पाण्याचा डबा ठेवून फोटो घ्यायचा आणि आकडा वाचायचा. चार-पाच इकडे, चार-पाच तिकडे, एवढं चालतं. त्यापलीकडे गेलं की दाजी जेवत नाहीत.

ही पट्टी त्यांनी पुढे संसारालाही लावली. सभेहून आले की ताई विचारते, "भाषण कसं झालं?" "उणे हजार." नव्या व्याह्यांबद्दल मत विचारलं तर थोडा विचार करून म्हणाले, "शून्याच्या जवळ आहेत. चालतील." व्याह्यांना हे कुणीतरी सांगितलं, आणि लग्न मोडायची वेळ आली. शून्य हा दाजींच्या कोशातला सर्वोच्च सन्मान आहे हे पटवायला मला त्यांच्या घरी जाऊन यावं लागलं. माझा स्वतःचा आकडा मी कधी विचारला नाही. ताईकडून कळलं, की तो चरबीच्या आसपास आहे.

दुसरं वाक्य याहून धारदार. "दिसतंय, का माहितीये म्हणून दिसतंय?" हे मॅमोग्राफीतून आलं. स्तनाच्या एक्स-रे मशीनसाठी एक ठोकळा असतो. त्याच्या आत मेणात सहा धागे, ठिपक्यांचे पाच पुंजके आणि पाच गाठी दडवलेल्या असतात, जाडीकडून बारकाईकडे उतरत जाणाऱ्या. फोटोत किमान चार धागे, तीन पुंजके, तीन गाठी दिसल्या तर मशीन पास. परीक्षेत एक मोठी खोट आहे. पेपर सगळ्यांना पाठ असतो. कुठल्या कोपऱ्यात कुठला धागा आहे हे ठाऊक असलेला माणूस पाचवा धागा बघतो, सहावाही बघतो, अगदी छातीवर हात ठेवून बघतो. म्हणून दाजी कुणालातरी नवख्याला बोलावतात. झाडूपोछा करणाऱ्या मावशींना एकदा स्क्रीनसमोर बसवलं. मावशी म्हणाल्या, "चार दिसत्यात. पाचवं हाय म्हणलं तर हाय." दाजी म्हणाले, "हेच मला चाळीस वर्षांत एकाही डॉक्टरनं इतकं नीट सांगितलं नाही."

हे वाक्य घरात फार महागात पडतं. २१ सप्टेंबर १९९५ला सगळ्या देशात गणपती दूध पीत होता, तेव्हा आमच्याही गल्लीत रांग लागली. आई वाटी-चमचा घेऊन परत आली, डोळ्यांत पाणी. दाजींनी विचारलं, "पितोय, का पितोय असं ऐकलंय म्हणून पितोय?" आई त्यानंतर वर्षानुवर्षं त्यांना दूध वाढताना चमचा मुद्दाम आपटायची.

आता तिसरं. खरं तर हा एकच शब्द: "पुरे." दाजींची सारी गीता या दोन अक्षरांत आहे. माणूस आयुष्यभर फोटोचा दर्जा तपासतो म्हटल्यावर त्याला देखणा फोटो आवडत असेल असं आपल्याला वाटतं. दाजींना देखण्या फोटोचा संशय येतो. इचलकरंजीकडच्या एका सेंटरवर एक तरुण टेक्निशियन होता, हौशी. त्यानं छातीचा एक्स-रे अभिमानानं दाखवला. बरगडी न् बरगडी कोरून काढल्यासारखी. दाजी बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "फार सुंदर. किती जास्त दिलास?"

पोरगं गोंधळलं. मग दाजी स्टुलावर बसले. फिल्मच्या जमान्यात किरणं जास्त झाली की फिल्म काळीठिक्कर पडायची. चूक सगळ्या डिपार्टमेंटला दिसायची, डॉक्टर ओरडायचे, हात आपोआप आवरता राहायचा. आता कॉम्प्युटर आला. जास्त दिलं तरी तो उजळ-काळोख जुळवून देतो. कमी दिलं तर मात्र फोटोत दाणे येतात आणि बोलणी खावी लागतात. म्हणजे कमी दिल्याची शिक्षा आहे, जास्त दिल्याची नाही. मग रोज कणभर हात वर सरकतो, कुणाच्या नकळत. "आणि हिशोब बघ," दाजी म्हणाले, "दाणे निम्मे करायला डोस चौपट लागतो. सुंदर व्हायचा खर्च पेशंटच्या अंगावर, कौतुक तुला." पोरगं म्हणालं, "पण सर, एका एक्स-रेनं काय होतंय?" दाजी म्हणाले, "एकाला काही होत नाही. निसर्गच आपल्याला वर्षाला सरासरी दोन-अडीच मिलिसिव्हर्ट देतो, त्यापुढे छातीचा एक फोटो किस झाड की पत्ती. पण तुझ्या समोर दिवसाला किती जण उभे राहतात? आणि वर्षाला?"

मग ठोकळा ठेवून त्याच्याकडूनच एक त्याच्या नेहमीच्या आणि एक निम्म्या डोसचा फोटो काढवला, आणि कुठला कुठला ते न सांगता दोन्ही वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना दाखवले. बाईंनी दोन्हींत जे शोधायचं ते शोधलं. दुसरा जरा खरबरीत आहे म्हणाल्या, पण अडलं कुठंच नाही. "पुरे," दाजी म्हणाले. त्या पोरानं दुसऱ्या दिवसापासून आकडे खाली आणले. आता तो दाजींना दर रविवारी फोन करतो. दाजींच्या स्वतःच्या मुलाचा महिन्यातून एकदा येतो.

या "पुरे"साठी त्यांच्याकडे एक पुराण आहे. १ ऑक्टोबर १९७१, लंडनचं ॲटकिन्सन मोर्ली हॉस्पिटल. हाउन्सफील्डच्या यंत्रात पहिल्यांदा जिवंत माणसाचं डोकं घातलं, एका बाईंचं. फोटो किती बारकाईचा? ऐंशी आडवे चौकोन, ऐंशी उभे, बस. आजचा स्वस्तातला मोबाइल त्याला फोटोसुद्धा म्हणणार नाही. पण त्या ओबडधोबड चौकोनांत त्या बाईंच्या मेंदूतली गाठ दिसली, आणि १९७९चं नोबेल हाउन्सफील्डला आणि कॉर्मॅकला मिळालं. "डॉक्टरांना एकच प्रश्न होता. गाठ आहे का? फोटोनं उत्तर दिलं. पुढे काय?" हे सांगताना दाजींचा आवाज भरून येतो. ताईचा कुकर लागलेला असतो.

जुन्या डार्करूमच्या गोष्टी निघाल्या की मात्र ते स्वतःच विरघळतात. एका छोट्या दवाखान्यात सगळे एक्स-रे राखाडी यायचे. मशीन बदलायच्या गोष्टी चालल्या होत्या. दाजींनी डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कोरी फिल्म ठेवली, तिच्यावर एक रुपयाचं नाणं ठेवलं, आणि चहा प्यायला निघून गेले. परत येऊन फिल्म धुतली तर नाण्याचा स्वच्छ गोल उमटलेला. म्हणजे लाल दिवाच फिल्म खराब करत होता. तपासलं तर तिथल्या मामांनी मूळची काच फुटल्यावर साध्या बल्बला पतंगाचा लाल कागद गुंडाळला होता. लाखाचं मशीन वाचलं. नाणं मात्र मिळालं नाही. मामांना वाटलं, साहेबांनी बक्षिसी ठेवलीय.

घरात त्यांच्याबरोबर राहणं म्हणजे कायम तपासणीखाली राहणं. शिशाचा ॲप्रन घडी घातला की आतून चिरतो आणि चिरेतून किरणं येतात, म्हणून तो टांगूनच ठेवायचा. ही सवय इतकी मुरली आहे, की रेनकोट, बेडशीट, ताईची पैठणी, काहीही घडी घातलेलं दिसलं की त्यांचा जीव खालीवर होतो. भिंतीवरच्या पूर्वजांच्या तसबिरींना वर्षातून एकदा पाणसळ लागते. नवा टीव्ही आला तेव्हा वर्ल्ड कपची फायनल तासाभरावर होती, २०११ची. दाजींनी पेन ड्राइव्हवरून एक नक्षी लावली. काळ्या चौकोनात त्याहून किंचित कमी काळा चौकोन, पांढऱ्यात किंचित कमी पांढरा. दोन्ही वेगळे दिसले पाहिजेत. डॉक्टरांचे स्क्रीन असेच तपासतात. पांढरा दिसला, काळा दिसेना. मग पडदे ओढले, ट्यूब घालवली, ब्राइटनेस वरखाली केला. खोलीत पंधरा माणसं अंधारात बसलेली, समोर चौकोन. कुणीतरी म्हणालं, "दाजी, टॉस झाला." दाजी म्हणाले, "टॉस दिसेल. सावलीतला फील्डर दिसायला नको?" धोनीचा शेवटचा षटकार आम्ही शास्त्रशुद्ध काळोखात पाहिला. इतका स्पष्ट षटकार मात्र मी नंतर कधी पाहिला नाही, हेही खरं.

त्यांचे सण वेगळे. ७ नोव्हेंबर हा मेरी क्युरींचा जन्मदिवस, ८ नोव्हेंबर १८९५ला राँटगेनना क्ष-किरण सापडले. दोन दिवस लागून येतात. दाजी पेढे आणतात आणि दिवाळीचा फराळ उरला असेल तर तोही त्याच खात्यात वाटून टाकतात.

दोन वर्षांमागे आई न्हाणीघरात पडली. डोक्याला लागलं होतं. रात्री शुद्धीवर होती, बोलत होती, पण डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा सीटी करू म्हणून सांगितलं. आम्ही सगळे वॉर्डाबाहेर, दाजींचा पत्ता नाही. ताई चिडली. आईवर या माणसाचा जुना राग आहे, इथपर्यंत बोलून गेली. दाजी पहाटे पाचलाच सीटी रूममध्ये जाऊन बसले होते. टेक्निशियनला उठवून मशीन गरम करायला लावलं, पाण्याचा डबा ठेवला, फोटो घेतला, आकडा वाचला. आईला आत नेताना स्ट्रेचरशेजारून चालत ते मला हळूच म्हणाले, "शून्य पॉइंट सहा." मी मान हलवली. ताईनं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "चांगलं आहे म्हणाले." रिपोर्ट यायला अजून दीड तास होता, पण ताई तिथंच बाकावर बसून पहिल्यांदा चहा प्याली. आईचा रिपोर्टही नीट आला. घरी आल्यावर ती म्हणाली, "तो मेला पाण्याचं काय म्हणत होता?" आणि त्या संध्याकाळी दूध वाढताना चमचा आपटला नाही.

सध्या दाजींना नवा विरोधक भेटलाय. सीटीत आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली. कमी डोसमध्ये फोटो काढायचा आणि दाणे मशीननंच पुसायचे. कंपनीचा इंजिनिअर पोरगा लॅपटॉप घेऊन आला. दाणेदार फोटो, बटण दाबलं, गुळगुळीत फोटो. दाजी म्हणाले, "पुसलास ते दाणेच होते कशावरून?" मग स्वतःचा ठोकळा काढला. त्यात फिक्या चकत्या दडवलेल्या, आसपासच्यापेक्षा जेमतेम वेगळ्या. डोस उतरवत गेले. निम्म्यापर्यंत चकत्या दिसत राहिल्या. आणखी खाली गेल्यावर फोटो पहिल्याइतकाच गुळगुळीत, आणि बारक्या चकत्या गायब. "बघ," दाजी म्हणाले, "जुनं मशीन निदान दाणे दाखवून सांगायचं, बाबा मला नीट दिसत नाही. हे हसतमुखानं खोटं बोलतंय." पोरगा गप्प. दाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पण निम्म्यापर्यंत खरं बोललं. म्हणजे पेशंटचा निम्मा डोस वाचला. वाईट नाही रे. वाईट नाही." घरी येताना एसटीत ते गुणगुणत होते.

तेव्हापासून तो इंजिनिअर शनिवारी घरी येतो. दोघं मिळून कुठपर्यंत खरं आणि कुठून खोटं, याची रेघ शोधत बसतात. ताईनं परवा विचारलं, "सापडली का रेघ?" दाजी म्हणाले, "प्रत्येक मशीनची वेगळी आहे." म्हणजे आता प्रत्येक मशीनकडे जावं लागणार. गुरुवारी जतचं ठरलंय. ताई तिघांचा डबा करतेय. पोट कोण उचलणार, यावर इंजिनिअरचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.